रिव्ह्यूचा झाला कपेलमाइस्टर: हॉफमन, बीथोव्हनची पाचवी आणि रोमँटिक साहित्यातलं संगीत

४ आणि ११ जुलै १८१० ला लाइपझिगच्या ‘अल्गेमाइने मुझिकालिशे झाइटुंग’ या संगीताच्या साप्ताहिकात दोन हप्त्यांत एक रिव्ह्यू छापून आला, खाली लेखकाचं नाव नाही, कारण त्या पेपरात तशीच पद्धत होती. रिव्ह्यू बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या चार भागांच्या मोठ्या रचनेचा. लिहिणारा होता ई. टी. ए. हॉफमन, शिक्षणाने वकील, नोकरी गेलेला सरकारी अधिकारी, हौसेने आणि पुढे पोटासाठी संगीतकार, आणि लेखक म्हणून तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला. साडेतीन वर्षांनी त्याने हाच रिव्ह्यू कापला, दुसऱ्या एका रिव्ह्यूला जोडला आणि एका अर्धवट वेड्या काल्पनिक संगीतकाराच्या, कपेलमाइस्टर (म्हणजे ऑर्केस्ट्राचा प्रमुख) क्राइसलरच्या नावावर टाकून दिला. म्हणजे समीक्षेचं फिक्शन झालं. रोमँटिक साहित्यात (प्रेमकथा नव्हेत, भावना आणि कल्पनेला वर ठेवणारी त्या काळची चळवळ) संगीताचं नक्की काम काय होतं हे बघायचं असेल तर कवितांचे ढीग उपसण्यापेक्षा ही एक केस नीट बघावी असं माझं मत आहे, कारण इथे काय ठेवलं आणि काय कापलं हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून सरळ दिसतं.

आधी माणूस. जन्म १७७६, क्योनिग्सबर्ग. खरं नाव अर्न्स्ट थिओडोर विल्हेल्म, पण मोझार्टच्या प्रेमापोटी त्याने विल्हेल्म काढून मोझार्टच्या नावातलं आमाडेउस घातलं, यावरूनच कळतं गडी कुठल्या पंथाचा ते. प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारी नोकरीत पोझेन, प्लोत्स्क करत करत वॉर्सॉला पोचला, तिथे ऑफिस सांभाळून ऑर्केस्ट्रा चालवायचा, स्वतःची सिम्फनीही लिहिली. १८०६ मध्ये नेपोलियनचं सैन्य वॉर्सॉत आलं, प्रशियाचा कारभार आटोपला आणि याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी लहानगी मुलगी गेली, बर्लिनमध्ये अक्षरशः उपासमारीची वेळ आली. शेवटी पेपरात जाहिरात देऊन त्याने नोकरी शोधली आणि १८०८ च्या सप्टेंबरमध्ये बाम्बर्गच्या थिएटरात म्युझिक डायरेक्टर म्हणून रुजू झाला. ती गोष्टही धड टिकली नाही, पहिलाच ऑपेरा फसला आणि ऑर्केस्ट्रापुढे उभं राहण्याचं काम थोड्याच दिवसांत त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. मग काय, थिएटरला लागेल तसं संगीत लिहायचं आणि गावातल्या पैसेवाल्या घरांमध्ये जाऊन मुलींना गाणं शिकवायचं. त्यातली एक विद्यार्थिनी यूलिया मार्क, तिच्यावर याचा जीव जडला, हा तिशी ओलांडलेला आणि लग्न झालेला, ती शाळकरी वयाची. वाचताना अवघडायला होतं आणि तसंच व्हायला पाहिजे. तिचं लग्न १८१२ मध्ये एका व्यापाऱ्याशी लावून दिलं गेलं आणि हॉफमनने ती जखम पुढे आयुष्यभर कथांमध्ये वापरली.

साप्ताहिकाशी संबंध कसा आला? १८०९ च्या सुरुवातीला त्याने संपादक रोखलिट्झला एक कथा पाठवली, ‘रिटर ग्लुक’, ती फेब्रुवारीत छापून आली. छापून आलेली त्याची ही पहिली कथा. त्यात निवेदकाला बर्लिनमध्ये एक विचित्र माणूस भेटतो, तो त्याला घरी नेतो, ग्लुक या जुन्या संगीतकाराच्या ‘आर्मिडा’ ऑपेराची वही पियानोवर उघडून ठेवतो, निवेदकाला पानं उलटायला सांगतो आणि वाजवायला लागतो. पानं सगळी कोरी. एकही स्वर लिहिलेला नाही. तो वाजवतो ते ग्लुकचंच, पण ग्लुकने लिहिलं होतं त्याहून वेगळं आणि जास्त तेजस्वी. शेवटी तो सांगतो, मी रिटर ग्लुक. आता गंमत अशी की ग्लुक १७८७ मध्येच वारलेला आणि कथेवर साल टाकलंय १८०९. भूत आहे, वेडा आहे की आणखी काही, हॉफमन सांगत नाही. ही कोरी पानं लक्षात ठेवा.

त्या काळात वाद्यसंगीताची पत काय होती हे कळल्याशिवाय या रिव्ह्यूचा स्फोट कळत नाही. गाणं म्हणजे शब्द आले, शब्द आले म्हणजे अर्थ आला, त्यामुळे ऑपेरा आणि चर्चचं संगीत हे भारदस्त; नुसती वाद्यं म्हणजे कानाला बरं वाटणारी बडबड, असं अठराव्या शतकातले बरेच विद्वान मानायचे. सुल्झरच्या कलाकोशात नुसत्या वाद्यांच्या रचनांबद्दल साधारण हाच सूर आहे. खुद्द तत्त्वज्ञ कांट, म्हणजे हॉफमन ज्या क्योनिग्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत लॉ शिकला तिथलेच प्राध्यापक, त्यांनी १७९० च्या पुस्तकात म्हटलंय की बुद्धीच्या मशागतीच्या हिशोबाने ललित कलांमध्ये संगीत सगळ्यात खाली, आणि वर त्याची तुलना केलीय खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढणाऱ्या माणसाशी, म्हणजे शेजारच्याला नको असलं तरी वास घ्यावाच लागतो. शेजाऱ्यांच्या लाउडस्पीकरने वैतागलेल्या कुणालाही कांट इथे पटेल, पण कलेचा निकाल म्हणून हे फारच कोरडं आहे.

याला पहिली टक्कर दिली वाकेनरोडर या तरुण जर्मन लेखकाने. १७९७ च्या आसपास त्याने योसेफ बेर्गलिंगर नावाचा एक काल्पनिक संगीतकार उभा केला, गरीब डॉक्टरचा मुलगा, संगीत ऐकताना स्वर्गात आणि मैफल संपली की जमिनीवर, शेवटी एक मोठी पॅशन (ख्रिस्ताच्या यातनांवरची चर्चसाठीची रचना) लिहून तापाने मरतो. वाकेनरोडर स्वतः १७९८ मध्ये पंचविशीही न गाठता गेला. त्याचा मित्र टीक याने उरलेलं लेखन आपल्या लेखांसकट छापलं आणि त्यात सिम्फनीला सगळ्यात वरचा पाट दिला. पण खरं सांगू का, हे दोघं संगीताबद्दल जे बोलतात त्यात संगीत कमी आणि आपण किती हेलावलो तेच जास्त. अमुक सिम्फनीत अमुक ठिकाणी अमुक घडतं असं फारसं सांगत नाहीत. हॉफमनचं वेगळेपण इथेच सुरू होतं, कारण त्याला स्वरलिपी वाचता यायची, नुसती यायची नाही तर त्याच्या बोटांत होती.

पाचवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात, थिएटर आन डेर वीनमध्ये. त्याच कार्यक्रमात सहावी सिम्फनी, चौथा पियानो कन्चेर्टो, कोरल फँटसी आणि आणखी बरंच, साधारण चार तासांचा कार्यक्रम, हॉलमध्ये कडाक्याची थंडी, तालीम अपुरी, आणि फँटसी तर मध्येच कोलमडली आणि पुन्हा सुरू करावी लागली. हॉफमन त्या रात्री तिथे नव्हता. १८०९ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेलने सिम्फनीचे पार्ट छापले, म्हणजे व्हायोलिनवाल्याचं वेगळं, बासवाल्याचं वेगळं असं. सगळी वाद्यं एका पानावर दाखवणारा पूर्ण स्कोअर छापून यायला १८२६ उजाडलं. म्हणजे रिव्ह्यू कानावर पडलेल्या एखाद्या मैफलीचा नव्हता, कागदावरच्या संगीताचा होता. (जाता जाता: ते साप्ताहिकही ब्राइटकॉफ उंड हेर्टेलचंच होतं. आपल्याच मालाचा रिव्ह्यू आपल्याच पेपरात. आज कुणी केलं तर लोक तुटून पडतील.)

आता रिव्ह्यूत काय आहे. सुरुवातच दणक्यात: संगीताबद्दल स्वतंत्र कला म्हणून बोलायचं तर फक्त वाद्यसंगीताबद्दलच बोला, कारण शब्दांची मदत न घेता तेच आपलं स्वतःचं रूप दाखवतं, आणि सगळ्या कलांमध्ये ही सर्वात रोमँटिक कला, जवळजवळ एकटीच खरी रोमँटिक. कारण काय, तर शब्दांनी सांगता येणाऱ्या ठराविक भावना बाहेर ठेवून ती माणसाला अशा एका मुलखात नेते ज्याचा रोजच्या जगाशी काही संबंध नाही. पुढे तिघांची ओळ लावलीय: हायडन म्हणजे हिरवी वनराई, नाचणारी तरणी पोरं, निरागस आनंद, मोझार्ट म्हणजे आत्म्यांच्या प्रदेशात पाऊल, भीती वाटते पण छळत नाही, आणि बीथोव्हन म्हणजे काळोखात वरखाली हलणाऱ्या राक्षसी सावल्या आणि त्यातून जागी होणारी न संपणारी ओढ. ही ओढ म्हणजेच रोमँटिकपणाचा गाभा, असं तो स्पष्ट लिहितो.

इथपर्यंत वाचून आपण म्हणतो, ठीक, रोमँटिक मंडळी अशीच बोलतात. पण रिव्ह्यूचा मोठा भाग यानंतर आहे आणि तो एकदम वेगळ्या जातीचा आहे, स्वरलिपीचे तुकडे छापलेत आणि एकेक बार (ठराविक मात्रांचा छोटा गट) उलगडून दाखवलाय. सुरुवातीचे ते जगप्रसिद्ध चार स्वर, तीन आखूड एक लांब, वाजणारी सगळी वाद्यं तेच स्वर वाजवतात, खाली हार्मनी (साथीच्या इतर स्वरांचा आधार) नाही. हॉफमन म्हणतो, इथे पट्टीच ठरलेली नाही, ऐकणारा ई फ्लॅट मेजर धरून चालतो आणि मग कळतं की हे सी मायनर आहे. आलापातले पहिले दोन-तीन स्वर ऐकून आपण मनात एक राग धरावा आणि चौथ्या स्वराला गवयाने भलतीकडेच वळावं, तसलं काहीतरी. मग तो दाखवतो की हा एवढासा तुकडा अख्ख्या मूव्हमेंटमध्ये (सिम्फनीच्या एका भागात) कसा भरून राहिलाय, दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य चाल, गोड आहे तरी खाली बासमध्ये तोच कसा ठोठावत राहतो, वाक्यं मुद्दाम किती तोकडी ठेवलीत. आणि मग ठामपणे म्हणतो की बीथोव्हन म्हणजे मनात येईल ते कागदावर ओतणारा बेभान माणूस ही समजूत चूक आहे, स्वतःवरच्या ताब्यात, जाणिवेने रचण्यात तो हायडन-मोझार्टच्या तोडीचा आहे, शेक्सपिअरबद्दलही लोक असंच बेशिस्तीचं बोलायचे पण नीट बघणाऱ्याला एका बीजातून वाढलेलं झाड दिसतं.

माझ्यासाठी सगळ्यात भारी जागा आहे ती तिसऱ्या मूव्हमेंटमधून चौथ्यात जातानाची. सगळं जवळजवळ थांबलेलं, बासचा लांब सूर, आणि टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) हळू आवाजात सी, सी, सी. वरची हार्मनी बदलते तरी टिंपनी सी सोडत नाही, विसंवादी झालं तरी नाही. हॉफमन विचारतो की उस्तादाने हा न जुळणारा सी शेवटपर्यंत का ठेवला असेल, आणि स्वतःच सांगतो की ते बद्द ठोके एखाद्या अनोळखी आवाजासारखे आहेत, भुताखेतांच्या भीतीचा काटा त्यानेच अंगावर येतो. मग ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबासून ही तोवर न वाजलेली वाद्यं घेऊन फिनाले, म्हणजे शेवटचा भाग, फुटतो. बघा, एकाच जागेवर दोन्ही आहे, हार्मनीतली नेमकी अडचण आणि भुताची गोष्ट. शेवटच्या त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉर्ड्सबद्दलही (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्या) तसंच, विझली असं वाटलेली आग परत परत भडकते असं म्हणतो, पण आधी त्या कॉर्ड्स आणि मधले विराम मोजून दाखवतो.

पुढचा टप्पा दोन महिन्यांनी, सप्टेंबर १८१० मध्ये, त्याच साप्ताहिकात: कपेलमाइस्टर योहानेस क्राइसलरची संगीत-दुःखं. क्राइसलर हा हॉफमनचा मानसपुत्र, आणि हा प्रसंग म्हणजे बाम्बर्गच्या चहापार्ट्यांचा उगवलेला सूड. रोडरलाइन नावाच्या बड्या साहेबांच्या घरी चहा, पंच (दारूचं एक पेय), पत्ते, मधे घरच्या मुलींचं सुरात नसलेलं गाणं, आणि पगारी मास्तर क्राइसलर पियानोवर साथीला. कुणीतरी बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एकाच चालीवर रचलेले तीस नंबर) पुढे ठेवतं, लोकांना वाटतं छोट्या गोंडस चाली असतील, वाजव म्हणतात. हा वाजवतो. तिसऱ्या नंबरला काही बायका उठतात, यजमान, मास्तर आपलाच म्हणून, बाराव्यापर्यंत कसंबसं सोसतात, पंधराव्याला आणखी एक पळतो, एक बॅरन केवळ सभ्यतेपोटी तिसाव्यापर्यंत बसतो आणि तेवढ्यात क्राइसलरसाठी ठेवलेला पंच संपवून टाकतो. यानंतर क्राइसलर एकटाच वाजवत सुटतो, आणि खरा श्रोता निघतो घरातला नोकर गॉटलीब. ही सगळी हकिकत तो लिहितो कुठे, तर त्याच व्हेरिएशन्सच्या पानांच्या मागच्या बाजूला.

रिव्ह्यू सांगत होता की संगीत रोजच्या जगाशी नातं तोडतं. ही गोष्ट दाखवते की रोजचं जग संगीताचं काय करतं: चहाबरोबर वाढतं. रोमँटिक साहित्यात संगीत हे नेहमी असं दुहेरी येतं. एका अंगाने ते अनंताचं दार, दुसऱ्या अंगाने बूर्झ्वा, म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गीय समाजाला मारलेला टोमणा, आणि दोन्हीच्या मधे पगारासाठी अडकलेला एक कलाकार. फक्त पहिली बाजू शिकवली जाते म्हणून हे साहित्य पोरांना हवेतलं वाटतं.

मग डिसेंबर १८१३. हॉफमनने पाचव्या सिम्फनीचा रिव्ह्यू आणि बीथोव्हनच्या ओपस ७० च्या पियानो ट्रिओंवरचा (पियानो आणि आणखी दोन वाद्यांच्या रचना) आपला नंतरचा रिव्ह्यू एकत्र करून ‘बीथोव्हनचं वाद्यसंगीत’ असा एक लेख केला. स्वरलिपीचे तुकडे गेले. बार-बारची चिरफाड गेली. टिंपनीच्या सी ची चर्चा गेली. राहिली ती सावल्या, ओढ, अनंत वगैरे भाषा, आणि बोलणारा झाला क्राइसलर. १८१४ मध्ये हा लेख इतर क्राइसलर-तुकड्यांबरोबर ‘क्राइसलेरियाना’ म्हणून पुस्तकात गेला, प्रकाशक कोण तर बाम्बर्गचा एक वाइनचा व्यापारी कुन्त्झ, याचा दोस्त. पुस्तकात क्राइसलरची ओळख करून देताना म्हटलंय की निसर्गाने त्याला घडवताना नवीच रेसिपी वापरली आणि ती फसली, आणि शेवटचा तो कुणाला दिसला तेव्हा डोक्यावर एकावर एक दोन टोप्या आणि कमरेच्या लाल पट्ट्यात, खंजिरासारख्या खोचलेल्या, स्वरलिपीच्या रेघा मारायच्या दोन लेखण्या.

या कापाकापीतली मेख अशी की बीथोव्हन पूर्ण ताब्यात राहून रचतो हे वाक्य नव्या लेखातही आहे, शेक्सपिअर आणि झाडासकट. दावा राहिला, पुरावा गेला. आणि दावा करणारा आता कोण, तर ज्याचा स्वतःवर अजिबात ताबा नाही असा दोन टोप्यांचा माणूस. पुढे जगभर पसरला तो हाच लेख. मूळ रिव्ह्यू जुन्या साप्ताहिकाच्या फायलीत पडून राहिला आणि तो वाचला संगीताच्या अभ्यासकांनी. त्यामुळे रोमँटिक संगीत म्हणजे भावनांचा पूर, बीथोव्हन म्हणजे केस पिंजारून वादळाकडे बघणारा माणूस, ही जी प्रतिमा आपल्यापर्यंत आली तिच्यात हॉफमनचा अर्धाच भाग आहे.

हॉफमनने चूक केली का? माझं उत्तर हो आणि नाही. समीक्षा म्हणून पहिला मजकूर कितीतरी वरचा, त्यात ओढ आणि रचना एकमेकांना बांधलेल्या आहेत, ती ओढ बरोबर कुठल्या बारमध्ये तयार होते हे कळतं. पण साहित्य म्हणून बघितलं तर त्याला दुसरा पर्याय नव्हता असंही वाटतं. शब्द जिथे पोचत नाहीत तिथे संगीत पोचतं असं शब्दांत लिहायचं म्हणजे आपणच बसलेली फांदी तोडायची. स्वतःच्या आवाजात हे म्हणत राहिलं की प्रवचन होतं. क्राइसलरच्या तोंडी घातलं की त्या अडचणीचंच पात्र बनतं, कारण क्राइसलर अर्धा बोलतो, मागच्या पानावर लिहितो, मधेच गायब होतो. रिटर ग्लुकची कोरी पानं हेच करत होती: कथा आपल्याला संगीत ऐकवू शकत नाही म्हणून ती कोरं पान दाखवते आणि बाकीचं आपल्यावर सोडते. आपल्याकडे केशवसुतांनी ‘सतारीचे बोल’मध्ये खिन्न माणसाला रात्री सतार ऐकवली तेव्हा त्यांनीही अर्थ सांगायच्या आधी ‘दिड दा’ हे नुसते बोलच कवितेत आणून ठेवले. थेट हॉफमनशी त्याचा काही धागा नाही, इंग्रजी रोमँटिक कवींच्या वाटेने ते आले, पण अडचण तीच आणि सुटकाही त्याच जातीची.

एक विसंगती मात्र सांगायलाच पाहिजे. नुसतं वाद्यसंगीतच खरं असं ठणकावून सांगणाऱ्या या माणसाला संगीतकार म्हणून सगळ्यात मोठं यश मिळालं ते ऑपेराने. ‘उंडीने’, शब्द लेखक फूकेचे, सेट वास्तुकार शिंकेलचे, ३ ऑगस्ट १८१६ ला बर्लिनच्या रॉयल थिएटरात पहिला प्रयोग, संगीतकार वेबरने मनापासून कौतुक केलं. वर्षभरात चौदा प्रयोग झाले आणि जुलै १८१७ मध्ये थिएटरच जळून गेलं, सेटसकट. पोटासाठी तोवर तो परत न्यायखात्यात गेलेलाच होता.

क्राइसलर पुढे एका कादंबरीत परत आला, १८१९ ते १८२१ मध्ये, मुर नावाच्या बोक्याच्या आत्मचरित्रात. बोका आपलं चरित्र लिहिताना क्राइसलरच्या चरित्राची फाडलेली पानं टीपकागद म्हणून वापरतो आणि छापखान्यात दोन्ही मिसळून छापलं जातं, म्हणजे आत्मसंतुष्ट बोक्याचं सलग वाचायला मिळतं आणि संगीतकाराचं तुकड्या-तुकड्यांत. तिसरा भाग आलाच नाही, १८२२ च्या जूनमध्ये हॉफमन गेला. मग हे पात्र साहित्यातून निघून थेट संगीतात शिरलं: संगीतकार शूमानने १८३८ मध्ये ‘क्राइसलेरियाना’ नावाचे पियानोचे आठ तुकडे लिहिले, शॉपँला अर्पण केले, आणि तरुण ब्राम्स आपल्या रचनांवर क्राइसलर ज्युनिअर अशी सही करायचा. ज्या लेखातून संगीत कापून काढलं होतं त्यातूनच नवं संगीत आलं, शब्दांशिवाय.

आणि बीथोव्हन? २३ मार्च १८२० ला त्याने व्हिएन्नाहून हॉफमनला एक छोटं पत्र पाठवलं. आपण माझ्यासारख्या सामान्य माणसाबद्दल लिहिलंत, माझ्यात रस घेता असं दिसतं, बरं वाटलं, कळावे, अशा धाटणीचं. पाचव्या सिम्फनीचा त्यात उल्लेख नाही.